सावलीला नाव देण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असा अध्यक्षीणबाईंचा निरोप आला, तेव्हा मला माझ्या धाकट्या जावेचे दुखणे आठवले. खोकल्यातून रक्त पडले, क्ष-किरण चित्रात सुपारीएवढा गोळा दिसला, आणि तपास होण्याआधीच घरात ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला गेला. कुणी तिची भांडीही वेगळी ठेवली. पुढे मुंबईस तपासणी झाली, तो गोळा बुरशीचा! जुना क्षय बरा होऊन फुप्फुसात पोकळी राहिली होती, तीत तो वाढला होता.

त्या दुखण्याचा इतिहास मी मग वाचला. १८४२ साली एडिंबरो येथे डॉ. जॉन ह्यूज बेनेट यांनी क्षयी रुग्णाच्या फुप्फुसात बुरशी पाहिली. पण या गोळ्याचे एक नाव जन्मले आपल्या मुंबई इलाख्यात. ग्रे यांच्या विख्यात शरीररचनेच्या ग्रंथाची चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ साली मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले; पुढे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. अनवाणी राबणाऱ्यांचे पाय सुजून त्यांतून दाणे वाहत. कार्टरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, बुरशी ओळखली, आणि ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिले. १८७४ साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. रोग निराळा, पण पुढे फुप्फुसातील गोळ्यालाही तेच नाव लागले.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. ते सावली दाखवतात, तिचे नाव सांगत नाहीत. कर्करोग, क्षय, बुरशी, तिघांची सावली कधी कधी सारखीच दिसते. थुंकी, रक्त, सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी, यांवरूनच निदान ठरते.

या बुरशीचे कण हवेत, ओल्या पेंढ्यात, कुजक्या पाल्यात सर्वत्र असतात. निरोगी माणसाला ते सहसा बाधत नाहीत, आणि हा गोळा एकाचा दुसऱ्याला होत नाही. तेव्हा भांडी वेगळी करण्याचे कारणच नव्हते!

भगिनींनो, ‘बुरशीच असेल’ म्हणून घरी बसू नये. कर्करोग असल्यास एकेक दिवस मोलाचा. पण तपासाआधी धीरही सोडू नये. कार्टरांनी आधी पाहिले, मग नाव दिले. आपणही तेवढे करावे.