दोन रकाने शेजारी शेजारी

परवाची गोष्ट. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी होतात, म्हणून लवकरच पानं मांडली होती. पहिलीत जाणारा नातू पाटावर बसता बसता ऐटीत म्हणाला, "आजी, आय राइस ईट!"

सून लगेच म्हणाली, "असं नाही रे. आय ईट राइस."

पोरगं हिरमुसलं. "पण भात आधी येतो ना? मी भात खातो!"

खरं सांगू का, मला त्याचं म्हणणं पटलं. त्याच्या डोक्यात मराठी वाक्य अगदी पक्कं होतं: कर्ता, कर्म, क्रियापद. त्याने फक्त शब्द बदलले होते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? शाळेतून चिठ्ठी आली होती, 'घरी मुलांशी फक्त इंग्रजीतच बोला.' सुनेचं इंग्रजी कामापुरतं. तेव्हापासून ती त्याच्याशी मोजून मापून बोलते. रात्रीची गोष्टसुद्धा बंद झाली. घरात आई असून मुलाशी अबोला, अशी गत!

बी. ए.ला माझा इतिहास होता. मनात आलं, आपल्या लोकांनी पहिल्यांदा इंग्रजी शिकलं तेव्हा त्यांनीही अशीच आपली भाषा गिळून टाकली होती का?

मुळीच नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा त्यात दोन रकाने होते, एक इंग्रजी आणि शेजारीच दुसरा मराठी. वाचणाऱ्याने हवं तर इकडून तिकडे पाहावं. पुढे चारच वर्षांत, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं. त्यांनी मराठीची मांडणी करताना इंग्रजी व्याकरणाच्या पद्धतीचाही आधार घेतला. वाक्य संपलं की टिंब, प्रश्न विचारला की प्रश्नचिन्ह, हेही आपण इंग्रजीकडूनच घेतलं आणि मेजर कँडी यांनी ते मराठीत रुजवायला मोठी खटपट केली. म्हणजे बघा, त्या काळी दोन्ही भाषा एकमेकींच्या शेजारी बसून शिकत होत्या.

आपल्या जैन परंपरेला तर हे नवीन नाहीच. महावीरांनी उपदेश संस्कृतात केला नाही. तो केला अर्धमागधीत, बायकापोरांनाही कळावा म्हणून. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी व्याकरण लिहिलं. त्याचे सात अध्याय संस्कृतचे आणि आठवा प्राकृताचा. त्या आठव्यात संस्कृत शब्दावरून प्राकृत रूप कसं होतं ते सांगितलंय. जे येतं त्याच्या आधाराने जे येत नाही ते शिकवायचं. एवढा मोठा आचार्य, पण पद्धत घरगुतीच.

आता आमच्या ग्वाल्हेरकडे येते. इथे किल्ल्यावर जी सिंधिया शाळा आहे, ती माधवराव महाराजांनी १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी काढली. मुलींची सिंधिया कन्या विद्यालय ही शाळा निघाली १९५६ साली. मधे एकोणसाठ वर्षं! त्या काळात लश्करातल्या आमच्यासारख्या घरांतल्या किती बायकांच्या वाट्याला इंग्रजी शाळा आली असेल?

माझ्या सासूबाईंच्या वाट्याला आली नव्हती. पण त्यांच्या कपाटात पूजेच्या पोथ्यांखाली तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' होती. जुन्या घरांत तुम्हीही ती पाहिली असेल. धड्यात आधी थोडे शब्द, मग छोटी छोटी वाक्यं. मराठीची इंग्रजी करा, इंग्रजीची मराठी करा. एक धडा जमला की पुढचा. सासूबाई दुपारी धान्य निवडता निवडता स्वतः धडा वाचायच्या आणि संध्याकाळी तोच मुलांना शिकवायच्या. मुलांच्या एकच पाऊल पुढे होत्या त्या, पण पुढे होत्या! त्यांचे उच्चार ऐकून मुलं हसायची. वाक्य मात्र चुकायचं नाही.

न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईही अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि अक्षरओळखीपासून सगळं घरातच शिकल्या. घरच्या बायकांचे टोमणे ऐकत इंग्रजी शिकल्या. मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात सभा झाली, तेव्हा त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवलं. १८८४ साली हुजुरपागा सुरू झाली. आधी मराठी पक्की, मग तिच्यावर इंग्रजी. मराठी कुठे आड आली?

मग ही पद्धत गेली कुठे? इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, मधे मातृभाषा आणू नये, असा विचार पुढे आला. ज्यांच्या नावाचं 'रेन आणि मार्टिन' व्याकरण आपल्यापैकी पुष्कळांनी घोकलंय, ते रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि याच विचाराचे होते. विचार अगदीच चुकीचा नाही. दिवसभर कानावर इंग्रजी पडत असेल तर मूल ऐकून ऐकून शिकतं. पण आमच्या घरात दिवसभर कानावर पडते मराठी, गल्लीत हिंदी आणि पाठशाळेत प्राकृतातला णमोकार मंत्र. तिथे आईला गप्प बसवून इंग्रजी कुठून येणार?

म्हणून मी एक केलं. जुन्या वहीचे पुठ्ठे कापून चिठ्ठ्या केल्या, मराठीच्या पिवळ्या आणि इंग्रजीच्या पांढऱ्या. वर 'मी', 'भात', 'खातो'. खाली 'आय', 'ईट', 'राइस'. नातवाला म्हटलं, "बघ, इंग्रजीत 'खातो'ला फार घाई असते. तो उडी मारून 'मी'च्या शेजारी जाऊन बसतो." त्याला ती उडीच आवडली! मग 'आजी नातवाला बोलावते' घेतलं. मराठीत 'नातवाला आजी बोलावते' म्हटलं तरी बोलावणारी आजीच, कारण 'ला' प्रत्यय नातवाला चिकटलेला. इंग्रजीत चिठ्ठ्यांची अदलाबदल केली तर नातूच आजीला बोलावू लागतो. हे कळल्यावर तो किती वेळ हसत होता! 'टेबलावर'मधला 'वर' मागून उचलून पुढे 'ऑन' म्हणून ठेवला. 'तो घरी आहे का?' मधला 'का' काढून टाकला आणि 'इज' वाक्याच्या पहिल्या जागी आणला.

चौथ्या दिवशी सून येऊन बसली. म्हणाली, "आई, हे तर मलाही शिकवता येईल."

"तुलाच शिकवायचंय," मी म्हटलं. "माझं काय, आज आहे उद्या नाही."

शाळेची चिठ्ठी अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे. आम्ही ती काढली नाही. पण रात्रीची गोष्ट परत सुरू झाली आहे, मराठीत. गोष्ट संपली की त्यातलं एक वाक्य सून पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहिते आणि नातू खाली पांढऱ्या चिठ्ठ्या लावतो. दोन रकाने, शेजारी शेजारी.