परीक्षेआधीची फेरी

पेपर परवा आहे, ‘माहिती तंत्रज्ञान आणि समाज’. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या नोट्स तुमच्यासमोर पडल्या आहेत. ‘आयएमपी’ प्रश्न रंगवून झालेत आणि सगळी उत्तरं एकाच साच्यातली आहेत: व्याख्या, पाच फायदे, पाच तोटे, समारोप. ‘संगणकामुळे वेळ वाचतो.’ ‘संगणकामुळे बेरोजगारी वाढते.’ एवढं घोकून पास होता येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण या एकेका ओळीमागे खरं गाव आहे, खरी तारीख आहे, आणि तिथे उभं राहून काहीतरी सोसलेली किंवा मिळवलेली माणसं आहेत. ती बघून आलात तर उत्तर पाठ करावं लागणार नाही. नोट्स मिटा. प्रकरणांच्या क्रमानेच जाऊ, म्हणजे उजळणीही होईल.

पहिलं प्रकरण, संगणकीकरण आणि रोजगार. साल 1985 धरा. तुम्ही मुंबईतल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत, काउंटरच्या आतल्या बाजूला उभे आहात. बाहेर बाकावर लोक पितळी टोकन हातात धरून नंबर पुकारण्याची वाट बघताहेत. आत हातभर लांबीची लेजरं उघडली आहेत. सहामाही व्याज लावायचे दिवस आहेत, त्यामुळे शटर खाली आल्यावरही दिवे चालू राहतील. एका पैशाचा फरक सापडेपर्यंत कुणी घरी जाणार नाही. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल नुकताच दिला आहे. इथल्या क्लार्कला त्याची धास्ती आहे. ती खुळी म्हणता येणार नाही, कारण त्याच्या घरात पगार त्याचा एकट्याचा आहे. कुठलं यंत्र, किती शाखांत आणि कोणत्या कामासाठी यावं, हे संघटना आणि बँका टेबलावर समोरासमोर बसून करारांनी ठरवतात. पुढे जी यंत्रं येतात त्यांना शाखेत संगणक म्हणत नाहीत, ‘लेजर पोस्टिंग मशीन’ म्हणतात.

आता पटकन 2001 मध्ये या. सरकारी बँकांमधल्या लाखभर कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. त्याची कारणं अनेक, संगणक त्यातलं एक. म्हणजे ‘बेरोजगारी वाढते’ ही ओळ खोडायची नाही, पण तशीच ठेवायचीही नाही. यंत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला काढून टाकलं गेलं नाही. वाटाघाटी झाल्या, वेळ मिळाला, आणि किंमत पंधरा-वीस वर्षांत पसरून मोजली गेली. परीक्षकाला हे सांगा.

दुसऱ्या प्रकरणाला मात्र मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे, कारण नोट्समध्ये ते दोन ओळींत उरकलेलं असतं. ‘ग्रामीण भागातील माहिती तंत्रज्ञान: उदाहरणार्थ, वारणा वायर्ड व्हिलेज.’ बस्स. एवढ्यावर कुणी काय लिहिणार?

डिसेंबर 2004. कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरचं वारणेचं खोरं. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना, त्याच्याभोवती दूध संघ, शाळा-कॉलेजं, बाजार. गळीत हंगाम जोरात आहे. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मळीचा वास, पाचटाची धूळ. सहा वर्षांपूर्वी, 1998 मध्ये, इथल्या 70 गावांना संगणकांनी जोडायची योजना आली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह असे तिघे एकत्र आले. गावातल्या केंद्रावर बाजारभाव कळतील, शेतीचा सल्ला मिळेल, दाखले निघतील, तेही मराठीत, असं ठरलं. दिल्लीतल्या कागदांवर हे खोरं देशाला वाट दाखवणार होतं.

तुम्ही अशाच एका केंद्रात आहात. एक खोली, प्लॅस्टिकचं आवरण घातलेला मॉनिटर, खर्र खर्र करणारा प्रिंटर, भिंतीला सायकल टेकवलेली. दारात धोतर नेसलेले एक आबा आलेत. उसाची तोड होऊन दोन दिवस झाले, ट्रॅक्टरच्या दोन खेपा काट्यावर गेल्या.

“पोरा, माझं वजन किती भरलंय बघ की.”

“लाइट गेलीया, आबा. साडेचारला येईल.”

आबा पायरीवर बसतात. तुम्हीही बसा, घाई करू नका. भारनियमनाचे दिवस आहेत. साडेचारला वीज येते, यंत्र सुरू व्हायला वेळ घेतं, पोरगा सभासद क्रमांक टाकतो आणि टनाचा आकडा कागदावर उमटतो. आबा तो कागद चार घड्या करून बंडीच्या खिशात ठेवतात. बाजारभाव विचारत नाहीत, हवामान विचारत नाहीत. त्यांच्या उसाला भाव बाजार देत नाही, कारखाना देतो. त्यांना हवं आहे ते एवढंच: काट्यावर वजन किती, खत किती उचललं, बिल कधी. हे विचारायला पूर्वी कारखान्यापर्यंत जावं लागायचं, आता गावात कळतं. हा फायदा लहान समजू नका. ज्याचं वर्षभराचं उत्पन्न एका काट्यावर ठरतं, त्याच्यासाठी वजनाचा कागद हातात असणं ही मोठी गोष्ट आहे.

आणखी दोन-तीन वर्षं पुढे सरका. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी इथे काही काळ मुक्काम ठोकला आहे. केंद्रांवरचे संगणक प्रत्यक्षात कशाला वापरले जातात, ते त्यांनी बघितलं. मुख्यतः कारखान्याची ऊसनोंद गावातून तिकडे आणि तिकडून इकडे पोहोचवायला. मग त्यांनी 7 गावांत संगणक बाजूला ठेवून साधा मोबाइल दिला. एसएमएस पाठवायचा, कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला दुसरा फोन उत्तर धाडणार. विजेची वाट बघायला नको, यंत्र बिघडलं म्हणून शहरातून माणूस बोलवायला नको, आणि खर्चही कमी. ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने तो प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज जगभरच्या विद्यापीठांत विकासासाठी तंत्रज्ञान शिकवताना वाचला जातो.

वारणेची योजना ‘यशस्वी की अयशस्वी’ असा प्रश्न पेपरात येतो. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे, पण आला तर असं लिहा: योजना ज्यासाठी आखली त्यासाठी फारशी वापरली गेली नाही, शेतकऱ्याने मात्र तिच्यातून स्वतःला हवं ते काढून घेतलं. आणि त्याला हवं ते द्यायला महागडी यंत्रणा लागतच नव्हती, हे कळायला आठ-नऊ वर्षं लागली. आबांना सुरुवातीलाच कुणी विचारलं असतं तर लवकर कळलं असतं. या एका उदाहरणातून ‘डिजिटल दरी’, ‘योग्य तंत्रज्ञान’, ‘वापरकर्त्याचा सहभाग’ अशा तीन टिपा सुटतात.

तिसरं प्रकरण, ओळख आणि खासगीपणा. 29 सप्टेंबर 2010, टेंभली, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. आदिवासींचं छोटं गाव. आज इथे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आहेत, कारण देशातले पहिले आधार क्रमांक या गावातल्या लोकांना मिळणार आहेत. गर्दीतून पुढे सरका आणि यंत्राजवळ उभे राहा. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांची बुबुळं, चेहऱ्याचा फोटो. नाव, पत्ता, जन्मतारीख. त्या बदल्यात 12 आकडे. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही, त्यांना सरकार प्रथमच सांगतं आहे की तुम्ही आहात. या क्षणाचं मोल मी कमी करणार नाही. कागद नसलेल्या माणसाला कचेरीत कसं वागवलं जातं, ते ज्याने पाहिलं आहे त्याला हे पटेल.

पण इथून निघताना पुढच्या आयुष्याकडेही बघा. काही वर्षांनी रेशन दुकानांत ई-पॉस यंत्रं येतात. आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या, विटा वाहिलेल्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. “मावशी, अंगठा लागत नाही. दुसरं बोट द्या.” दुसरं, तिसरं, मग हात धुऊन पुन्हा पहिलं. रांग थांबलेली आहे, मागचे लोक बघताहेत, आणि धान्य तिच्या हक्काचं असूनही मावशी ओशाळली आहे. जे यंत्र तिला ‘तू आहेस’ म्हणालं होतं, तेच आज ‘ही तू नाहीस’ म्हणतं आहे. आधारवरच्या तुमच्या उत्तरात हे दोन्ही प्रसंग एकत्र यायला हवेत. एकच लिहिलंत तर ते अर्धं उत्तर होईल.

कायद्याची बाजू थोडक्यात: कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये आधारला आव्हान दिलं. त्याच खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. 26 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी आधार वैध ठरवलं, पण खासगी कंपन्यांना ते मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत नोंदवलं. निकालपत्रातलं तेवढं मत जरी वाचलंत तरी पुरेसं आहे.

शेवटचा थांबा, नोव्हेंबर 2012, पालघर. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरे यांचं 17 तारखेला निधन झालं आहे, दुसऱ्या दिवशी सगळं बंद आहे. एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. एका दवाखान्याची मोडतोड झाली. लावलेल्या कलमांमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ए होतं. तुम्ही पोलीस ठाण्याबाहेरच्या गर्दीत उभे आहात. खिशातला फोन काढून बघा: आज सकाळपासून तुम्ही स्वतः किती गोष्टींना लाइक दिलं आहे?

त्याच महिन्यात दिल्लीत श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. वय सुमारे तुमच्याएवढंच, 21. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी 24 मार्च 2015 रोजी ते कलम संपूर्ण रद्द केलं. एवढं होऊनही पोलीस ठाण्यांतून त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि 2021 मध्ये न्यायालयाला त्यावर संताप व्यक्त करावा लागला. तुमच्या नोट्समध्ये 66ए अजून ‘सायबर गुन्हे व शिक्षा’ या तक्त्यात बसलेलं असेल तर आत्ताच खोडा.

आता परत या. पेपरात कुठलाही प्रश्न आला तरी आधी स्वतःला विचारा: ही यंत्रणा कुणी आणली, कुठे आणली, तिच्यासमोर रांगेत कोण उभं होतं, आणि कोण रांगेबाहेर पडलं? मग लिहायला घ्या. आणि इंटर्नलचं प्रोजेक्ट सबमिशन बाकी असेल तर इंटरनेटवरून वीस पानं उतरवून काढू नका. आपल्या भागातल्या रेशन दुकानासमोर किंवा बँकेच्या शाखेत एक सकाळ बसा. लोकांना विचारा, त्यांची परवानगी घेऊन टिपून घ्या, नावं आणि आधार क्रमांक मात्र वहीत उतरवू नका. तुमच्या आजीचा अंगठा लागतो का, एवढं आज रात्रीच विचारा.