गोधडी : वस्त्रेतिहासाचे एक उपेक्षित साधन

महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेचा अभ्यास प्रामुख्याने पैठणी, हिमरू यांसारख्या मौल्यवान विणकामाभोवती केंद्रित राहिला आहे. राजाश्रय, व्यापार आणि पेठांचे दप्तर यांमुळे या वस्त्रांची माहिती अभ्यासकाच्या हाती सहज लागते. विणलेले कापड जीर्ण झाल्यावर त्याचे पुढे काय होत असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. सामान्य घरांत या प्रश्नाचे एक उत्तर गोधडी, म्हणजेच वाकळ, हे होते. प्रस्तुत लेखात गोधडीचा विचार हस्तकलेचा नमुना म्हणून नव्हे, तर ऐतिहासिक साधन म्हणून केला आहे.

गोधडीची रचना वरवर पाहता साधी आहे. जुने लुगडे किंवा धोतर जमिनीवर अंथरून त्याचे कोपरे दगडांनी दाबायचे, त्यावर फाटक्या कपड्यांची भर घालायची, वर दुसरे लुगडे पसरायचे आणि कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याच्या चौकोनी फेऱ्या घालीत जायचे, ही अनेक ठिकाणी आढळणारी पद्धत होय. वरच्या थरासाठी सलग लुगडे नसेल तर तुकडे जोडले जात. आराखडा आधी काढलेला नसे. तुकडा अपुरा पडला की शेजारी दुसरा येई; लुगड्याचे काठ मजबूत, म्हणून ते कडेला जात. अलीकडे अशा कामाला ‘उत्स्फूर्त कला’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ते अर्धेच खरे आहे. शिवणारीची नजर आणि निर्णय तिचे स्वतःचे असत, परंतु निवडीची मर्यादा घरातल्या गाठोड्याने ठरवलेली असे.

इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट याच मर्यादेत आहे. पुरातत्त्वज्ञ ज्याप्रमाणे एखाद्या थरातील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून त्या थराची पूर्वमर्यादा ठरवतो, त्याचप्रमाणे गोधडीतील सर्वांत अलीकडचे कापड तिच्या काळाची पूर्वमर्यादा सांगते. भारतात नायलॉन व पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन १९६० च्या दशकात सुरू झाले. त्यामुळे ज्या ग्रामीण गोधडीत टेरिकॉटच्या सदऱ्याचा तुकडा आहे, ती त्याआधीची असण्याचा संभव फारच थोडा. मात्र हा नियम सरसकट लावता येत नाही. झिजलेली गोधडी टाकून न देता तिच्यावर नवे कापड चढवले जाई, आणि जुनी गोधडी नव्या गोधडीची भर होई. आतले थर साधारणपणे जुने असतात खरे, पण एखादे टिकाऊ लुगडे वर्षानुवर्षे जपून ठेवून वरच्या थराला वापरले गेल्यास हा क्रम उलटतो. अशी एकच वस्तू दोन-तीन पिढ्यांच्या कापडाचा संचय ठरते.

कापडाच्या उपलब्धतेचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागतो. मुंबईत कापसाची पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील काही दशकांत गिरणीचे कापड खेड्यापाड्यांत पोहोचले. कापड स्वस्त झाले तशा चिंध्याही वाढल्या. दुसऱ्या महायुद्धात याच्या उलट घडले. टंचाई आणि भाववाढ यांमुळे सरकारला १९४३ मध्ये सुती कापड व सूत यांवर नियंत्रण आणणारा आदेश काढावा लागला. नेसायलाच कापड दुर्मीळ झाले असता भर घालायला काय उरले असेल, याची नोंद सरकारी कागदांत सापडणे कठीण आहे.

गोधडीकडे केवळ काटकसरीचे प्रतीक म्हणून पाहणे मात्र धोक्याचे आहे. जनाबाईविषयीच्या आख्यायिकेत पहाटेच्या घाईत विठ्ठल आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून राउळात जातो आणि चोरीचा आळ तिच्यावर येतो. या कथेतील भक्तिभाव सर्वश्रुत आहे. शेला आणि वाकळ यांतून लगेच ओळखू येणारा दर्जाभेद तितक्या गांभीर्याने वाचला गेलेला नाही. जातिव्यवस्थेत तर चिंधीचा अर्थ घरोघरी निराळा होता. एका घरची गोधडी स्वतःच्याच जुन्या वस्त्रांची असे. दुसऱ्या घरात इतरांनी टाकलेले कापड येई. महार समाजाच्या परंपरागत ‘हक्कां’त प्रेतावरील वस्त्राचाही समावेश होता. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचे आवाहन केले, ते याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. वस्त्र हा तेथे स्वाभिमानाचा प्रश्न होता. तेव्हा गोधडीतील तुकडा कोणत्या काळाचा याबरोबरच तो कोणाच्या अंगावरून आणि कोणत्या नात्याने आला, हेही विचारले पाहिजे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कापड स्वतः देत नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात त्या शिवणाऱ्या स्त्रियांच्या नावांनिशी मांडल्या गेल्या. त्यांतील मिसुरी पेटवे यांची १९४२ ची गोधडी मृत पतीच्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली आहे. पतीची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून ती शिवली गेली, हे त्यांच्या मुलीने सांगितले आणि कोणीतरी ते लिहून ठेवले म्हणूनच आज आपल्याला कळते. एरवी विटलेल्या निळ्या-करड्या तुकड्यांपलीकडे तिच्यात काही दिसले नसते.

आपल्याकडील गोधड्यांबाबत हे काम अद्याप मोठ्या प्रमाणावर व्हावयाचे आहे. टाके उसवून आतले थर पाहावेत, तर साधनच नष्ट होते. न उसवावेत, तर वरचे तेवढेच दिसते. अशा स्थितीत गोधडी समोर पसरून, ती शिवणारीला एकेका तुकड्याविषयी विचारणे आणि उत्तरे तिच्या नावासह, तिच्याच शब्दांत नोंदवणे, हा मार्ग उरतो. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास व समाजशास्त्र विभागांना तो अल्प खर्चात साध्य आहे. सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवलेल्या अनेक स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.