रा. सू. गवई : खुर्ची मिळाली, सत्ता का मिळाली नाही?

१४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई यांनी देशाच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. त्या दिवशी आपल्या मोबाईलवर त्यांच्या वडिलांचे फोटोही फिरले. खाली कोणी लिहिले, 'दादासाहेबांचे स्वप्न पूर्ण झाले.' कोणी लिहिले, 'काँग्रेसची आयुष्यभर चाकरी केली, त्याचे फळ.' दोन्ही वाक्ये लिहायला अर्धा मिनिट लागतो. पण रामकृष्ण सूर्यभान गवई या माणसाचे राजकारण समजून घ्यायचे तर दोन्हींचा उपयोग नाही.

आमच्या शिबिरांत येणाऱ्या तरुणांना 'दादासाहेब' म्हटले की दादासाहेब गायकवाड आठवतात, आणि ते बरोबरच आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहापासून भूमिहीनांच्या लढ्यापर्यंत बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला तो माणूस. पण दुसरे दादासाहेब, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई, तीस वर्षे महाराष्ट्राच्या विधान परिषदेत होते. १९६४ ते १९९४. त्यांपैकी १९६८ ते १९७८ उपसभापती, १९७८ ते १९८२ सभापती, आणि १९८६ ते १९८८ विरोधी पक्षनेते. पुढे लोकसभा, राज्यसभा आणि दोन राज्यांचे राज्यपालपद. रिपब्लिकन पक्षाच्या फार थोड्या नेत्यांना एवढा दीर्घ संसदीय प्रवास मिळाला. मग प्रश्न असा की, नेत्याची खुर्ची वर चढत असताना पक्ष खाली का गेला?

१९६४ हे साल नीट वाचा

गवई विधान परिषदेत गेले त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या.

पहिली सर्वोच्च न्यायालयात. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत डी. पी. मेश्राम नागपुरातून राखीव जागेवर निवडून आले होते. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असे आव्हान त्यांच्या निवडीला दिले गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना आणि पुढे शिखांनाच होता. १९६४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, मेश्राम बौद्ध झाले आहेत, सबब निवड रद्द.

याचा राजकीय अर्थ काय? १९५६ ला दीक्षाभूमीवर ज्या समाजाने बाबासाहेबांच्या मागे जाऊन धर्म बदलला, त्याच समाजाला राखीव मतदारसंघाचे दार बंद झाले. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून नवबौद्धांना राज्यातील शिक्षण आणि नोकरीच्या सवलती दिल्या, पण विधानसभेच्या आणि लोकसभेच्या राखीव जागा राज्याच्या हातात नव्हत्या. हा अन्याय दूर व्हायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे १९५६ ते १९९० या चौतीस वर्षांत प्रामाणिकपणे 'मी बौद्ध' म्हणणाऱ्या कार्यकर्त्यापुढे तीनच वाटा होत्या. कागदावर हिंदू लिहून राखीव जागा लढवायची, सर्वसाधारण जागेवर सवर्ण मतांची वाट बघायची, किंवा वरिष्ठ सभागृहात जायचे.

गवईंची परिषदेतली तीस वर्षे या चौकटीत ठेवून बघा. विधान परिषद ही त्यांची हौस होती की पळवाट होती, यावर वाद घालण्याआधी लक्षात घ्या की सरळ वाट कायद्यानेच अडवली होती.

दुसरी गोष्ट रस्त्यावर घडली. ६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, रिपब्लिकन पक्षाने गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह सुरू केला. पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मुख्य मागणी. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यांत स्त्रिया होत्या, आणि बौद्ध नसलेले भूमिहीनही होते. रिपब्लिकन पक्ष केवळ एका जातीचा नाही, हे ज्या लढ्याने सिद्ध केले तो हा लढा.

एकाच वर्षात एक दार बंद झाले, एक रस्ता उघडला, आणि एक खुर्ची मिळाली. पुढच्या तीस वर्षांत पक्षाने त्या रस्त्यापेक्षा खुर्ची जास्त जपली. माझ्या मते रिपब्लिकन राजकारणाची शोकांतिका इथे आहे.

मत कोणाचे, आमदार कोणाचा?

विधान परिषदेचे गणित माहीत असले पाहिजे. आज परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांतले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी निवडतात, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७ येतात, आणि १२ जणांना राज्यपाल नेमतात. ज्या पक्षाकडे आमदार नाहीत, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका नाहीत, त्याला इथे स्वबळावर टिकून राहता येत नाही. मोठ्या पक्षाची मते किंवा मोठ्या पक्षाची मेहेरबानी लागतेच.

हे दुखणे नवे नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले, तेव्हापासून आपला प्रतिनिधी आपल्या मतांवर नव्हे तर इतरांच्या मतांवर निवडून येतो. याच कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, कांशीराम साहेबांनी 'चमचा युग' लिहिले. गवईंवर टीका करणारे आपले अनेक मित्र तोच शब्द वापरतात.

पण इथे एक अडचण आहे. १९५२ च्या लोकसभेला बाबासाहेब मुंबईत हरले, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले. १९५२ पासून महापरिनिर्वाणापर्यंत ते संसदेत होते ते राज्यसभेचे सदस्य म्हणून, म्हणजे आमदारांच्या मतांवर. त्याआधी १९४६ ला संविधान सभेत ते बंगालमधून गेले, जोगेंद्रनाथ मंडल आणि सहकाऱ्यांच्या बळावर. म्हणून वरिष्ठ सभागृहात बसणे हा काही गुन्हा होत नाही. बाबासाहेब तिथे बसून सरकारला धारेवर धरत. तेव्हा कसोटी ही, की दुसऱ्याच्या मतांनी आत गेलेला माणूस आत गेल्यावर कोणाचा हिशेब मागतो.

दोन उपसभापती, एक फुटलेला पक्ष

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. वर्ष-दोन वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' हे शब्द आले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत मिळालेले यश राज्य स्थापन होताच ओसरले. १९६७ च्या सुमारास गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. त्यामागे त्यांचा हेतू सत्तेत वाटा मिळवून गावातल्या माणसाला संरक्षण देण्याचा असेल, पण पक्षाच्या अंगावर काँग्रेसची सावली तेव्हापासून पडली.

मग १९७० च्या सुमारास गवई आणि बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यात पक्ष फुटला. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. १९६८ पासून गवई महाराष्ट्र विधान परिषदेचे उपसभापती. १९६९ ते १९७२ खोब्रागडे राज्यसभेचे उपसभापती. एकाच पक्षाची, एकाच विदर्भातली दोन माणसे, मुंबई आणि दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहांत दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर. देशातल्या कोणत्याही छोट्या पक्षाला हेवा वाटावा असा हा क्षण. आणि नेमके त्याच काळात गावोगावचे कार्यकर्ते 'गवई गट' की 'खोब्रागडे गट' यावरून एकमेकांच्या सभा उधळत होते. बहिष्कार, विहिरीवरची मारहाण, बायकांची विटंबना यांच्या बातम्या रोज येत होत्या.

१९७२ ला दलित पँथर जन्मली ती या पोकळीत. पँथरच्या पोरांचा राग व्यवस्थेवर होता, तितकाच आपल्या पुढाऱ्यांवर होता. त्या रागाला गवईही अपवाद नव्हते, आणि नसायला हवे होते.

२७ जुलै १९७८

गवईंच्या संसदीय आयुष्यातला सर्वांत मोठा धडा या तारखेत आहे. वि. स. पागे यांच्यानंतर जून १९७८ मध्ये गवई विधान परिषदेचे सभापती झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. ज्या सभागृहाने हा ठराव केला त्याचा सभापती एक बौद्ध होता. कागदावर याहून मोठा विजय तो कोणता?

आणि त्याच दिवसापासून मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. गावोगाव घरे जाळली गेली, माणसे गाव सोडून पळाली. पोचिराम कांबळेंना हाल करून मारले. सरकारने ठराव बासनात गुंडाळला. पुढच्या वर्षी जोगेंद्र कवाडे सरांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. सोळा वर्षे लाठ्या, तुरुंग, बलिदाने. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोही 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून. गवईंची परिषदेतली कारकीर्दही त्याच वर्षी संपली.

सभापतीने सभागृहात बाजू घ्यायची नसते, ही संसदीय मर्यादा आहे. तेव्हा 'गवईंनी खुर्चीवरून काय केले' हा प्रश्न तितकासा न्याय्य नाही. खरा प्रश्न पक्षाचा आहे. ठराव मंजूर करायला सभागृहातली मते पुरतात. तो अंमलात आणायला गावागावात संघटना लागते, आणि ती गटातटांत आधीच वाटून गेली होती. सभागृहात जिंकलेली लढाई रस्त्यावर सोळा वर्षे पुन्हा लढावी लागली, आणि ती लढली नाव नसलेल्या माणसांनी.

१९९८ : एकदाच दिसलेली ताकद

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घालून दहा जणांना मारले. त्या संतापातून लोकांनीच नेत्यांना एकत्र बसवले. १९९८ च्या लोकसभेत काँग्रेसशी युती झाली आणि रिपब्लिकनांचे चार खासदार निवडून आले. अमरावतीतून गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा सर्वसाधारण होत्या.

आपण हे चार मोजतो आणि टाळ्या वाजवतो. दुसरी बाजू मोजत नाही. १९९६ ला महाराष्ट्रात काँग्रेसच्या १५ जागा होत्या, १९९८ ला ३३ झाल्या. सर्व श्रेय आपले नाही, युतीत इतरही होते. पण आपली मते एकगठ्ठा वळली की राज्याचे चित्र पालटते, एवढे त्या निकालाने दाखवले. लोकसभा तेरा महिन्यांत बरखास्त झाली. १९९९ येईपर्यंत ऐक्य विस्कटले आणि अमरावतीची जागाही गेली. गवई २००० ला राज्यसभेत गेले, २००६ ला बिहारचे आणि २००८ ला केरळचे राज्यपाल झाले. केरळात त्यांनी मंत्रिमंडळाचा सल्ला डावलून पिनराई विजयन यांच्यावर लाव्हलिन प्रकरणी खटला भरायला सीबीआयला परवानगी दिली. पुढे न्यायालयाने विजयन यांना त्या प्रकरणातून मुक्त केले. राज्यपालाने निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या वर जावे का, हा प्रश्न आपण आज इतर राज्यपालांना विचारतो, तसा तो गवईंनाही विचारला पाहिजे. माणूस आपला आहे म्हणून संविधानाची मोजपट्टी बदलत नाही.

मग जमेला काय?

जमेला दीक्षाभूमी आहे. स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणून गवईंनी अनेक वर्षे ते काम सांभाळले. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते १८ डिसेंबर २००१ ला स्तूपाचे उद्घाटन झाले. सत्ताधाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा समाजाला झालेला हा दिसणारा, टिकाऊ उपयोग आहे. तो नाकारणारा माणूस दरवर्षी त्याच स्तूपापुढे नतमस्तक होतो.

पण संस्था उभी करणे आणि ती लोकांच्या स्वाधीन करणे, ही दोन कामे आहेत. जुलै २०२४ मध्ये दीक्षाभूमीच्या भूमिगत पार्किंगविरुद्ध लोक उतरले आणि काम थांबले, तेव्हा लोकांनी विचारले ते हेच : निर्णय घेताना आम्हाला कोणी विचारले? हाच प्रश्न रिपब्लिकन पक्षाच्या प्रत्येक युतीला, प्रत्येक फुटीला आणि प्रत्येक उमेदवारीला लागू होता. तो विचारण्याची सोय पक्षात कधी निर्माण झाली नाही.

२५ जुलै २०१५ ला गवई गेले. त्यांना शिव्या देऊन आपली चळवळ एक इंचही पुढे जाणार नाही. हार घालूनही जाणार नाही. आज १९९० नंतरची राखीव जागांची वाट उघडी आहे, पंचायत राज आहे, प्रत्येक तालुक्यात शिकलेली पोरे-पोरी आहेत. गवईंच्या पिढीला ही सोय नव्हती. तरीही आपण त्याच वळणाने जात असू, एखाद्या महामंडळासाठी किंवा परिषदेच्या एका जागेसाठी गट बांधत असू, तर आपल्याला १९६४ च्या कायद्याची सबब सांगता येणार नाही.

येत्या स्थानिक निवडणुकीत आपल्या वस्तीत जो कोणी निळा झेंडा घेऊन मत मागायला येईल, त्याला तीन प्रश्न विचारा. तुझी उमेदवारी कोणत्या बैठकीत, कोणी ठरवली? युती केलीस तर त्या बदल्यात वस्तीसाठी लेखी काय घेतलेस? आणि निवडून आल्यावर वर्षातून किती वेळा इथे, याच समाजमंदिरात, हिशेब द्यायला येशील? उत्तर मिळाले तर काम करा. नाही मिळाले तर तुमच्यातून उमेदवार उभा करा.

जय भीम!