कागद संपला, हे कोण सांगणार?

व्याख्यानमालेत थोरांची चरित्रे ऐकण्याची आपली सवय. मी मात्र प्रिंटरचा इतिहास घेऊन आलो आहे. माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावरच अधिक झाले. पण करार म्हणजे काय, ते मला कळते. आणि संगणकवाले ज्याला प्रोटोकॉल म्हणतात, तो दोन यंत्रांमधला करारच होय. कोणी केव्हा बोलावे आणि दुसऱ्याने काय उत्तर द्यावे, हे त्यात ठरलेले असते.

१९७० साली अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने आपला प्रिंटर बाजारात आणला. त्याच्या जोडणीत अक्षर वाहून नेणाऱ्या ८ तारा होत्या. आणखी एका तारेवरून संगणक खूण करी, 'अक्षर ठेवले आहे, उचल.' हुकूम सोडणाऱ्याला वाटेल, एवढे पुरे. परंतु उलट दिशेने बोलणाऱ्या ताराही तिथे होत्या. एक सांगे, 'हातात काम आहे, थांब', दुसरी, 'उचलले', तिसरी, 'कागद संपला'. ही जोडणी इतकी रुळली की १९९४ मध्ये तिच्याच आधारे आयईईई १२८४ हे प्रमाण ठरले.

पुढे प्रिंटर जाळ्यावर आले. वेगवेगळ्या तारा गेल्या. निरोप लहान लहान पाकिटांतून जाऊ लागला. पाकीट पोचवण्याच्या दोन रीती होत्या. १९८० च्या यूडीपीत पाकिटावरचा मजकूर अवघा ८ बाइटांचा. पण पाकीट हरवले तर कोणी दाद घेत नाही. १९८१ मध्ये प्रमाण ठरलेल्या टीसीपीत तो निदान २० बाइटांचा. पण तिथे पोच येते, हरवलेले पुन्हा पाठवले जाते आणि क्रम राखला जातो. पानातली एक ओळ गळली तर छपाई वाया जाते. म्हणून छपाईसाठी हे १२ बाइटांचे ओझे सोसणेच शहाणपणाचे.

ह्यूलेट-पॅकार्डची जेटडायरेक्ट कार्डे १९९१ मध्ये आली. त्यांनी रूढ केलेली रीत अगदी सुटसुटीत होती: टीसीपीने प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या द्वाराशी जोडणी करा, मजकूर ओता, जोडणी बंद करा.

या सुटसुटीतपणाची दुसरी बाजू आम्ही अनुभवली आहे. आमच्या कचेरीत एका रात्री द्वारसभेचे पत्रक छापायला पाठवले. संगणक म्हणाला, 'गेले.' आम्ही दिवा मालवून घरी गेलो. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. मजकूर त्याच्या स्मरणात पडून राहिला आणि पहाटे वीज गेली तेव्हा पुसला गेला. पहिल्या पाळीला फाटकावर कामगार होते, पत्रक नव्हते.

टीसीपीची पोच म्हणजे आवक खात्याचा शिक्का. अर्ज आत गेला एवढेच तो सांगतो. काम झाले असे नव्हे. परतीची वाट ९१०० वरही उघडी असते. पण काम पुरे झाले का, हे विचारण्याचे आणि सांगण्याचे बंधन त्या करारात नव्हते.

ते १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयपीपीने घातले. त्यात प्रत्येक कामाला क्रमांक मिळतो; ते थांबले आहे, चालू आहे की पुरे झाले, हे विचारता येते आणि अडले असल्यास का, तेही कळते. त्याचे ओझे अधिक आहे, हे खरे. साधी पावती छापणाऱ्या लहान उपकरणाला ९१०० ची वाट पुरेल. पण त्यानेही प्रिंटरची स्थिती विचारून घ्यावी.

पाकीट हलके करा, माझी हरकत नाही. मात्र राबणाऱ्याची 'थांब' म्हणण्याची तार तेवढी कापू नका.