यात्रेतील रात्र, यंत्राने रेखलेला चेहरा
कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हुबेहूब व्यक्तिचित्र कसे घडते, कोठे फसते आणि कोणती काळजी घ्यावी

शारदीय नवरात्रात तुळजापूर रात्रीही जागे असते. राजे शहाजी महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, हिरव्या बांगड्या, पितळी मूर्ती आणि पेढ्यांची दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात. गावोगावीहून ज्योत घेऊन पायी आलेले तरुण, संबळाच्या तालावर गाणारे गोंधळी आणि मळवट भरलेल्या स्त्रिया यांनी रस्ता फुललेला असतो. अशा उजेडात टिपलेल्या चेहऱ्याचे आकर्षण छायाचित्रकारांना पूर्वीपासून आहे. आता कॅमेरा न उचलता आणि तुळजापूरला न जाताही असे चित्र संगणकावर तयार करता येते. ते खरे वाटावे यासाठी काय करावे लागते आणि ते खरे समजले गेल्यास काय होते, हे दोन्ही जाणून घेणे आवश्यक आहे.

पडद्यापुढचे छायाचित्र

यात्रेत कल्पित देखाव्यासमोर छायाचित्र काढून घेण्याची हौस जुनी आहे. रंगवलेल्या पडद्यापुढे, पुठ्ठ्याच्या विमानात किंवा मोटारीत बसून काढलेली छायाचित्रे अनेक घरांत जपलेली आढळतात. पुढे संगणक आला आणि ग्राहकाची छबी मंदिराच्या चित्रावर चिकटवून तत्काळ छापून मिळू लागली. या दोन्ही प्रकारांत बनावट उघड दिसे. पडद्याची घडी किंवा कापलेल्या आकृतीची कड नजरेतून सुटत नसे, त्यामुळे त्यात गंमत होती, फसवणूक नव्हती. नव्या तंत्राने ही कडच पुसून टाकली आहे.

यंत्र चित्र कसे घडवते?

मध्य प्रचलित असलेल्या पद्धतीत संगणकीय प्रणालीला प्रथम असंख्य चित्रे व त्यांची वर्णने दाखवली जातात. चित्रात टप्प्याटप्प्याने ठिपक्यांचा गोंधळ मिसळायचा आणि तो दूर करण्यास प्रणालीला शिकवायचे, असे हे शिक्षण असते. नंतर वापरकर्त्याने वर्णन लिहून दिले, की ती निव्वळ ठिपक्यांपासून सुरुवात करून वर्णनाशी जुळणारे चित्र हळूहळू उलगडते. २०२२ मध्ये डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्युजन या प्रणाली लोकांसमोर आल्या आणि हे तंत्र सर्वसामान्यांच्या हाती पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने गाजलेली प्रणाली खुली केली. स्वतःचे छायाचित्र देऊन जुन्या चित्रपटांतील नायिकेसारखे साडीतील चित्र करून घेण्याची लाट त्यानंतरच्या महिन्यात देशभर पसरली.

रात्रीचा बाजार म्हणजे कोणता?

नवख्याची पहिली निराशा येथे होते. नुसते ‘रात्रीचा बाजार’ असे लिहिले, तर पुष्कळदा तैवान किंवा थायलंडमधील लाल कंदिलांची गल्ली समोर येते. यामागील कारण शिक्षणसामग्रीत आहे. अशा प्रणालींसाठी वापरल्या गेलेल्या लायन-५बी या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्रे आणि त्यांची वर्णने आहेत. त्यांपैकी सुमारे २३२ कोटी वर्णने एकट्या इंग्रजीत आहेत. महाजालावर ज्या प्रदेशाची वर्णने विपुल, तोच यंत्राला अधिक परिचित असतो.

म्हणून स्थळ नेमके सांगावे लागते. एकट्या धाराशिव जिल्ह्यातही प्रत्येक यात्रेची रात्र निराळी आहे. तुळजापूरचा रंग कुंकवाचा, तर पौष पौर्णिमेला भरणाऱ्या नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेचा रंग भंडाऱ्याचा, म्हणजे हळदीचा पिवळा. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेच्या सुमारास, उन्हाळ्यात भरते. धाराशिव शहरातील हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या उरुसात चादरी, अत्तरे आणि मिठाई यांची दुकाने लागतात. हे भेद वर्णनात आले नाहीत, तर चित्र कोठलेच राहत नाही.

प्रकाशाचे गणित

चित्र खरे वाटणे हे मुख्यतः प्रकाशावर अवलंबून असते. ज्योतीचा उजेड सुमारे १,९०० केल्विन, साध्या पिवळ्या बल्बचा सुमारे २,७०० केल्विन, तर पांढऱ्या एलईडीचा ६,००० केल्विनच्या आसपास असतो. बाजारात हे सर्व एकाच वेळी चेहऱ्यावर पडतात. गालाची एक बाजू पिवळसर आणि दुसरी निळसर दिसली, तर डोळा विश्वास ठेवतो. सर्व बाजूंनी सारखा उजेड असलेला चेहरा स्टुडिओतील वाटतो. वर्णनात दिव्याची जागा, त्याचा रंग आणि पार्श्वभूमी किती अस्पष्ट हवी, हे लिहावे. उदाहरणादाखल पुढील वर्णन पाहता येईल:

‘साठीतील शेतकरी स्त्री, कमरेपर्यंतचे छायाचित्र. हिरवे इरकल नऊवारी लुगडे, कपाळी मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. तुळजापुरातील अरुंद बाजाररस्ता, नवरात्रातील रात्र. डावीकडील कुंकवाच्या दुकानातील पिवळ्या बल्बचा उजेड गालावर; मागे पांढऱ्या दिव्यांची दुकाने अस्पष्ट. ५० मिलिमीटर भिंग, छिद्र एफ/२. सुरकुत्या व घाम तसाच राहावा. त्वचा गुळगुळीत नको.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. यंत्राचा कल चेहरा तुकतुकीत करण्याकडे असतो.

चुका कोठे सापडतात?

चित्र तयार झाल्यावर ते मोठे करून तपासावे. कवडीची मधली दातेरी फट नाहीशी होऊन तिचा मोती होतो. दुकानांच्या पाट्यांवरील देवनागरीत जोडाक्षरे मोडतात, वेलांट्या भलतीकडे वळतात. दोन्ही बुबुळांतील दिव्यांची प्रतिबिंबे जुळत नाहीत. गर्दीतील मागचे चेहरे विरघळलेले असतात आणि बोटे मोजून पाहावी लागतात. याच खुणा परक्याने पाठवलेले चित्र पारखतानाही उपयोगी पडतात. मात्र प्रणाली सुधारत असल्याने त्या झपाट्याने कमी होत आहेत. केवळ डोळ्यांवर विसंबणे आता पुरेसे नाही.

चेहरा कोणाचा?

सर्वांत नाजूक प्रश्न हा आहे. कल्पित व्यक्तीचे चित्र आणि जिवंत माणसाच्या छायाचित्रावरून केलेले चित्र यांत मोठा फरक आहे. यात्रेत गाणाऱ्या आराधिणीचे किंवा गोंधळ्याचे छायाचित्र परवानगीवाचून प्रणालीला देणे म्हणजे त्याचा चेहरा त्याच्या नकळत वापरणे होय. नामवंतांना न्यायालयात दाद मागता येते. पार्श्वगायक अरिजित सिंह यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने होणाऱ्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. यात्रेतील कलावंताला तो मार्ग सहज परवडणारा नाही. म्हणून आधी विचारणे हेच त्याचे संरक्षण ठरते.

दुसरा धोका सार्वजनिक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये साडीतील चित्रांची लाट जोरात असतानाच, नवरात्राच्या तोंडावर, परंडा आणि भूम तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. अशा दिवसांत रस्ता सुरू आहे की बंद, गाव पाण्यात आहे की नाही, हे लोक छायाचित्रांवरूनही ठरवतात. कौतुकाने केलेले गर्दीचे एखादे चित्र नावनिशाणीविना फिरू लागले, तर भाविक चुकीच्या भरवशावर घराबाहेर पडू शकतो. खोट्याची सवय झालेला वाचक पुराच्या खऱ्या छायाचित्रावरही शंका घेऊ लागतो.

कायदा काय सांगतो?

संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फेब्रुवारी २०२६ मध्ये लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार कृत्रिमरीत्या तयार केलेल्या दृक्‌श्राव्य मजकुरावर तशी ठळक नोंद असणे आवश्यक आहे; तसेच न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश मिळाल्यावर बेकायदा मजकूर तीन तासांत हटवण्याचे बंधन समाजमाध्यम कंपन्यांवर आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. गूगलच्या प्रणालीतून निघालेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची अदृश्य खूणही असते. मात्र सर्वच प्रणाली अशी खूण ठेवतात, असे नाही.

व्यक्तिचित्र करणाऱ्याने पाळायचा नियम त्यामानाने सोपा आहे. चित्राखाली ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेले चित्र’ ही एक ओळ लिहावी. त्याने चित्राची शोभा कमी होत नाही. यात्रेतल्या पडद्याची घडी जे काम आपोआप करीत असे, ते आता या ओळीला करावे लागणार आहे.