४९ दिवसांत जन्मलेली गाडी

गेल्या दिवाळीत बाबा म्हणाले, "जीप आता भंगारात देऊन टाकू." वाईजवळच्या आमच्या शेतावर ती माझ्या जन्माआधीपासून आहे. पण चढ आला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. क्लच प्लेट घासून संपली होती. पसरणी घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय आम्हा दोघांना, त्यामुळे दोष गाडीचा नव्हता. गॅरेजवाल्यानं हात वर केले. मी सॉफ्टवेअरवाला, डिग्री इंजिनिअरिंगची असली तरी हात कधी काळे झालेले नाहीत. तरी म्हटलं, आपणच करू. आणि करण्याआधी, सवयीप्रमाणे, वाचायला बसलो.

जुलै १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्करानं १३५ कंपन्यांना विचारलं: चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी हवी, पहिला नमुना ४९ दिवसांत द्याल का? ही मुदत फक्त पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीनं मान्य केली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. पण हजारोंनी गाड्या बनवण्याची बँटमची ऐपत नाही, असं लष्कराला वाटलं. मोठी कामं विलिस आणि फोर्डकडे गेली. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीप बनवल्या.

मला थांबवलं ते पुढच्या गोष्टीनं. फोर्डनं आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टवरही, 'एफ' हे अक्षर ठोकलं. तरी तो बोल्ट विलिसच्या जीपला बसायचा, कारण गाडी एकच होती. १९४४ सालचं लष्करी मॅन्युअलही दोन्ही कंपन्यांच्या जीपसाठी एकच. ही गाडी कुठे बंद पडेल आणि तिच्याखाली कोण झोपेल, हे बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं. तो माणूस अनोळखी असणार, हे मात्र त्यांनी धरून चाललं होतं.

तीच गाडी आपल्याकडे आली. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. विलिसच्या जीपची जुळणी मुंबईत होऊ लागली.

मग आम्ही अंगणात जीप ठोकळ्यांवर चढवली. फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे दुप्पट काम: पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवायचे. गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस चिकटलेली, म्हणून ते सगळं वजन एकत्र ट्रॉली जॅकवर उतरवायचं. आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करायचे.

नवी प्लेट बसवली, पण गिअरबॉक्स काही आत जाईना. दोन तास ढकललं. गुडघ्यामुळे बाबांना गाडीखाली येता येत नव्हतं, ते बाजेवरून म्हणाले, "अरे, जोर नको लावू. प्लेट मध्यावर नाहीये." त्यांनी खुरप्याच्या जुन्या मुठीचं लाकूड तासून एक दांडा करून दिला. तो प्लेटमधून फ्लायव्हीलच्या मधल्या बुशमध्ये घातला, प्रेशर प्लेट पुन्हा आवळली, दांडा काढला. गिअरबॉक्स एका हिसक्यात बसला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"एकदा केलं होतं. तू तेव्हा पाळण्यात होतास."

कुठे लिहून ठेवलं नव्हतं. मीही ऑफिसात असंच करतो. माझा कोड माझ्यानंतर कोण उघडणार, याचा विचार क्वचितच.

संध्याकाळी बाबांनी जीप बांधावरून वर चढवली. मी वहीतलं एक पान फाडलं, कोणता बोल्ट कुठला ते क्रमानं लिहिलं, आणि लाकडी दांड्याभोवती गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवलं.